मानवतावादी चॅप्लन

ईश्वर, परलोक किंवा ईश्वरप्रणीत ग्रंथ यांवर श्रद्धा नसलेल्या, परंतु रुग्णालय, तुरुंग, सैन्य, विद्यापीठ इ. संस्थांतील दुःखी, एकाकी वा मरणोन्मुख व्यक्तींना मानसिक व नैतिक आधार देण्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या सेवकास मानवतावादी चॅप्लन म्हणतात. ख्रिस्ती देशांत अशा संस्थांत धर्मोपदेशकाची नेमणूक करण्याची परंपरा फार जुनी आहे. धर्म न मानणाऱ्या व्यक्तींनाही आपल्या विचाराशी सुसंगत असा आधार मिळावा, या मागणीतून ही सेवा दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथम नेदर्लंड्समध्ये संघटित झाली आणि नंतर बेल्जियम, ब्रिटन, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, नॉर्वे इ. देशांत कमीअधिक प्रमाणात पसरली.

‘चॅप्लन’ ही संज्ञा मूळची पूर्णतः धार्मिक आहे. चौथ्या शतकातील तूरचा संत मार्टिन याने थंडीने कुडकुडणाऱ्या एका भिकाऱ्यास आपला झगा अर्धा कापून दिला, अशी आख्यायिका आहे. त्या झग्याचा उरलेला भाग फ्रँक राजे पवित्र अवशेष म्हणून जपत व युद्धावर जाताना बरोबर नेत. लॅटिनमध्ये लहान झग्यास ‘कॅपेला’ म्हणत, त्यावरून तो सांभाळणारे ते ‘कॅपेलानी’ आणि तो ठेवण्याची जागा ती ‘चॅपेल’, असे शब्द रूढ झाले. अशा शब्दाचा वारसा निरीश्वरवाद्यांनी का स्वीकारावा, हा वाद या सेवेच्या इतिहासात वारंवार उद्भवलेला आहे. डच मानवतावाद्यांनी ही संज्ञा टाळून ‘राड्समान’ म्हणजे सल्लागार असा शब्द प्रथम योजिला. मात्र हा सल्लागार सहसा सल्ला देत नाही, हे त्याच्या कामाचे पहिले सूत्र होय. ब्रिटनमध्ये ‘धर्मनिरपेक्ष आधारसेवा’ या अर्थाची संज्ञा वापरण्याकडे कल आहे. मराठीत पुरोहित, धर्मगुरू, धर्मोपदेशक यांपैकी एकही शब्द येथे लागू पडत नाही आणि ‘समुपदेशक’ हा शब्द मानसोपचाराशी जोडला गेलेला असल्याने तोही अपुरा ठरतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत मूळ शब्दच ठेविला आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात यूरोपमध्ये धर्मसंस्थेपासून दूर गेलेल्या माणसांची अडचण केवळ वैचारिक नव्हती. जन्म, विवाह, मृत्यू, तुरुंगवास, दीर्घ आजार या प्रत्येक प्रसंगी समाजाने दिलेला आधार पाद्र्याच्या हातून येई व त्याला दुसरा पर्याय नसे. ‘सेक्युलॅरिझम’ ही संज्ञा १८५१ मध्ये रूढ करणारा इंग्रज विचारवंत जॉर्ज जेकब होलिओक (१८१७–१९०६) याच्या चरित्रातील एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. १८४२ मध्ये चेल्टनम येथील व्याख्यानानंतर विचारलेल्या प्रश्नास त्याने दिलेले उत्तर ईशनिंदक ठरवून त्याला सहा महिन्यांची शिक्षा देण्यात आली. तो ग्लॉस्टरच्या तुरुंगात असतानाच त्याची लहान मुलगी मरण पावली. ज्या संस्थेची निंदा केल्याबद्दल तो तुरुंगात होता, तिचा प्रतिनिधी सोडला, तर अशा कैद्याचे दुःख ऐकण्यास तुरुंगात अधिकृतपणे नेमलेला दुसरा कोणीही नव्हता.

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत (१७९८–१८५७) याने ‘मानवताधर्म’ स्थापून त्यासाठी स्वतंत्र दिनदर्शिका, संस्कार व विज्ञानात पारंगत असा पुरोहितवर्ग यांची तपशीलवार योजना आखली. ही योजना कागदावर अतिशय रेखीव होती. परंतु ईश्वराला वगळून कॅथलिक चर्चचाच आराखडा तीत जसाच्या तसा उतरला होता आणि तिचे अनुयायी थोडेच राहिले. त्यापेक्षा टिकाऊ कार्य फेलिक्स ॲड्लर (१८५१–१९३३) याचे झाले. न्यूयॉर्कमधील एका रॅबायच्या या मुलाने १८७६ मध्ये ‘सोसायटी फॉर एथिकल कल्चर’ ही संस्था स्थापिली. तीत ईश्वरविषयक मत प्रत्येकावर सोपवून सदाचरण हाच समान पाया मानला होता. विवाह व अंत्यविधी चालविणारा, आजारी सभासदांची विचारपूस करणारा ‘लीडर’ हा या संस्थेतील अधिकारी पुढील मानवतावादी चॅप्लनचा जवळचा पूर्वज म्हणता येईल.

इंग्लंडमध्ये लेस्टर हे या विचाराचे एक केंद्र होते. तेथील सेक्युलर सोसायटीचे सभागृह १८८१ मध्ये उघडले. या संस्थेचा काही काळ चिटणीस असलेला एफ्. जे. गूल्ड (१८५५–१९३८) याने ईश्वरविद्येचा आधार न घेता करावयाच्या अंत्यविधींचे एक पुस्तक तयार केले. नीतिशिक्षणाच्या पाठांबद्दल तो प्रसिद्ध होता आणि त्यासाठीच १९१३ मध्ये मुंबई सरकारच्या निमंत्रणावरून तो मुंबई इलाख्यातही येऊन गेला. मात्र या सर्व प्रयत्नांत भर संस्कारविधींवर व शिक्षणावर राहिला. अंत्यविधी मृत्यूनंतरचा असतो. मृत्यूपूर्वीच्या आठवड्यांत रुग्णाजवळ कोणी बसावे, हा प्रश्न तसाच राहिला.

नेदर्लंड्स : या प्रश्नाचे उत्तर नेदर्लंड्समध्ये प्रथम मिळाले, याला तेथील समाजरचना कारणीभूत झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डच समाज प्रॉटेस्टंट, कॅथलिक, समाजवादी व उदारमतवादी अशा ‘स्तंभां’मध्ये विभागला होता. प्रत्येक स्तंभाच्या शाळा, वृत्तपत्रे, रुग्णालये, कामगार संघटना, एवढेच नव्हे तर क्रीडासंघही वेगळे असत. कोणत्याही चर्चचे सभासद नसलेल्या लोकांचे प्रमाण १९४७ च्या जनगणनेत सु. १७ टक्के होते. संख्येने ते अनेक धर्मपंथांपेक्षा मोठे होते. पण स्तंभ म्हणून त्यांना मान्यता नव्हती. सैन्यातील वा तुरुंगातील निधर्मी मनुष्यास पाद्र्याशी बोलणे किंवा कोणाशीच न बोलणे एवढेच दोन मार्ग उपलब्ध होते.

या परिस्थितीत याप व्हान प्राख (१९११–८१) याने काही सहकाऱ्यांसह १७ फेब्रुवारी १९४६ रोजी ॲम्स्टरडॅम येथे डच मानवतावादी संघ स्थापन केला. व्हान प्राख हा ज्यू कुळात जन्मलेला, पेशाने शिक्षक व मताने समाजवादी होता. जर्मन अंमलाच्या काळात तो भूमिगत राहिला आणि तेथेच त्याने आधुनिक मानवतावादावरील आपल्या पुस्तकाचा (प्रकाशन १९४७) मसुदा तयार केला. नाझीवादाच्या विजयाचे कारण शोधताना तो एका अस्वस्थ करणाऱ्या निष्कर्षास आला होता. चर्च सोडलेल्या असंख्य लोकांनी जुनी श्रद्धा टाकली, परंतु तिच्या जागी कोणतीच जाणीवपूर्वक स्वीकारलेली मूल्ये आणली नाहीत. ही पोकळी, म्हणजे त्याच्या भाषेत निहिलिझम वा सर्वनिषेधवाद, हुकूमशाहीला सोयीची ठरली, असे त्याचे मत होते. म्हणून मानवतावाद्यांपुढे दोन लढे आहेत, असे तो सांगे : निधर्मी लोकांना धार्मिकांच्या बरोबरीचे नागरी हक्क मिळविणे हा ‘लहान लढा’, तर या पोकळीशी झगडणे हा ‘मोठा लढा’. धर्मावर टीका करण्यात समाधान मानणाऱ्या जुन्या मुक्तविचारवाद्यांना ही मांडणी रुचली नाही. त्यांना ती चर्चपुढे घेतलेली माघार वाटली.

सल्लागारसेवा दोन्ही लढ्यांच्या संगमावर उभी होती. तुरुंगात व छावणीत प्रवेश मिळविणे हा हक्काचा प्रश्न होता. प्रवेश मिळाल्यावर तेथील माणसाशी काय बोलावे, हा मोठ्या लढ्यातील प्रश्न होता. १९५३ मध्ये व्हान प्राखने मानवतावादी अधिष्ठानावरील आध्यात्मिक सेवेविषयी एक छोटेखानी पुस्तक लिहिले. या क्षेत्रातील ते पायाभूत लेखन मानले जाते. ‘आध्यात्मिक’ असे भाषांतर करावे लागणारा डच शब्द मन, बुद्धी व जीवनदृष्टी या सर्वांचा समावेश करणारा आहे, त्यात ईश्वर गृहीत नाही. सेवकाने आपले मत लादू नये, समोरच्याला स्वतःच्या शक्तीने स्वतःची दिशा सापडावी यासाठी त्याच्याजवळ असावे, ही त्यातील भूमिका होती. उत्तरे देण्याची सवय असलेल्या शिक्षकवर्गातून आलेल्या पहिल्या स्वयंसेवकांना ती पाळणे सोपे गेले नसावे.

प्रारंभी कार्यकर्ते विनावेतन व फावल्या वेळात काम करीत. संघ त्यांच्यासाठी अभ्यासवर्ग घेई. चर्चच्या वर्तुळातून या कामास विरोध झाला. श्रद्धाहीन माणूस दुसऱ्याला काय देणार आणि निधर्मी लोक ही संघटित जीवनदृष्टी कशी मानायची, असे दोन आक्षेप प्रामुख्याने घेतले जात. १९६० च्या दशकाच्या मध्यास सैन्यदलात मानवतावादी सल्लागारांना अधिकृत स्थान मिळाले. सैनिकांच्या चर्चासत्रांसाठी झाइस्ट येथे उभारलेल्या केंद्रास डीर्क कोर्नहेर्ट (१५२२–९०) याचे नाव देण्यात आले. हे नाव समर्पक होते. कोर्नहेर्टने बायबलमधील वचनांचा आधार न घेता डच भाषेत नीतिशास्त्रावर ग्रंथ (१५८६) लिहिला आणि स्वतः कारावास भोगलेला असल्याने कैद्यांना कसे वागवावे, याविषयीही विचार मांडले. डच मानवतावादी सल्लागार पुढे बॉझ्निया व अफगाणिस्तान येथील मोहिमांतही तुकड्यांबरोबर गेले. त्यांनी उघडलेल्या वाटेने डच सैन्यदलात कालांतराने इमाम व, सुरिनाममधून आलेल्या भारतवंशीयांसाठी, हिंदू पंडितही नेमले गेले.

सेवेला कायद्याचे बळ मिळण्यास आणखी दोन दशके लागली. १९८३ च्या सुधारित डच संविधानात सहाव्या अनुच्छेदाने धर्म व ‘जीवनदृष्टी’ यांना एकाच वाक्यात समान संरक्षण दिले. त्याच वर्षी शासन व चर्च यांच्यातील जुने आर्थिक संबंध संपुष्टात आले, परंतु ज्यांना स्वतःच्या इच्छेने बाहेर जाता येत नाही अशांसाठी, म्हणजे रुग्ण, कैदी व सैनिक यांच्यासाठी, शासनाने ही सेवा उपलब्ध ठेवावी, हे तत्त्व टिकून राहिले. १९९६ च्या आरोग्यसंस्था-गुणवत्ता अधिनियमाने दीर्घकाळ निवास करणाऱ्या रुग्णांना त्यांच्या धर्माशी वा जीवनदृष्टीशी जुळणारी आधारसेवा देण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. २०१९ पासून घरी राहणाऱ्या वृद्धांना व असाध्य रुग्णांनाही ती शासकीय अनुदानातून मिळू लागली. दरम्यान सल्लागारांपुढील परिस्थिती उलटी झाली आहे. एके काळी अल्पसंख्य असलेले निधर्मी लोक २०१७ च्या सुमारास नेदर्लंड्समध्ये निम्म्याहून अधिक झाले.

शिक्षण : व्हान प्राखची १९६० च्या दशकात लायडन विद्यापीठात विशेष प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. मानवतावादाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या ‘ह्यूमॅनिस्टिक’ या ज्ञानशाखेची मांडणी त्याने तेथे केली. ईश्वरविद्या जशी पाद्र्याच्या शिक्षणाचा कणा असते, तशी ही शाखा सल्लागाराच्या शिक्षणाचा कणा व्हावी, अशी अपेक्षा होती. १९७८ च्या आपल्या प्रमुख ग्रंथात त्याने मनुष्याविषयी नैसर्गिकता, परस्परसंबद्धता, समानता, स्वातंत्र्य व विवेकशीलता ही पाच गृहीततत्त्वे मांडली. ती सिद्ध करता येतात, असा दावा त्याने केला नाही. मानवतावादी त्यांवर विसंबून जगतो, एवढेच त्याचे म्हणणे होते. १९८९ मध्ये उत्रेक्त येथे शासनमान्य मानवतावादी अध्ययन विद्यापीठ स्थापन झाले. तोपर्यंत शिक्षणाची जबाबदारी संघाच्या स्वतःच्या प्रशिक्षणसंस्थेवर होती. या विद्यापीठात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, धर्मांचा व जीवनदृष्टींचा इतिहास, नीतिशास्त्र यांच्या जोडीला प्रत्यक्ष संस्थेत काम हा अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग असतो.

प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाची पद्धत मात्र मानवतावाद्यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांकडूनच घेतली, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकेतील वुस्टर येथील मनोरुग्णालयात अँटन बॉइसन (१८७६–१९६५) याने १९२५ मध्ये ईश्वरविद्येच्या काही विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये कामास लावले. बॉइसन स्वतः मनोविकाराने रुग्णालयात राहून आलेला होता. पुस्तकांप्रमाणेच जिवंत माणसाचे दुःखही वाचावे लागते, अशी त्याची शिकवण होती. तिच्यातून विकसित झालेल्या चिकित्सालयीन प्रशिक्षणाच्या एका घटकात किमान ४०० तास असतात. त्यांपैकी सु. ३०० तास रुग्णसेवेचे व १०० तास मार्गदर्शन आणि गटचर्चेचे असतात. अमेरिकेत व्यावसायिक मान्यतेसाठी असे चार घटक, पदव्युत्तर शिक्षण व एखाद्या धार्मिक वा तत्सम संघटनेचे शिफारसपत्र लागते. डच धर्मोपदेशकांमध्ये ही पद्धत १९६० च्या दशकात आली आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–८७) याच्या व्यक्तिकेंद्री समुपदेशनाबरोबर तिचा प्रभाव मानवतावाद्यांवरही पडला.

या शिक्षणाचे प्रमुख साधन म्हणजे ‘शब्दशः वृत्तांत’. विद्यार्थी रुग्णाशी झालेले संभाषण आठवून, दोघांच्या वाक्यांसह, मध्येच पडलेल्या शांततेसह लिहून काढतो व गटासमोर वाचतो. मार्गदर्शक त्यातील एखाद्या वळणावर थांबतो : रुग्णाने मुलाचा उल्लेख केला, तेव्हा विद्यार्थ्याने जेवणाविषयी का विचारले? बहुधा उत्तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भीतीत सापडते. ईश्वर मानणाऱ्या विद्यार्थ्याला अशा वेळी प्रार्थनेचा आडोसा घेता येतो. निरीश्वरवाद्याला तो नाही, परंतु त्याच्याजवळ युक्तिवादाचा आडोसा असतो व तो तितकाच पक्का असतो. धर्मातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. ज्या श्रद्धेशी घरात वर्षानुवर्षे भांडण झाले, तीच श्रद्धा रुग्णाच्या तोंडून ऐकताना चेहरा स्थिर ठेवणे हे त्यांना निश्चयपूर्वक शिकावे लागते.

प्रार्थनेचा प्रश्न प्रत्येक तुकडीत निघतो. चॅप्लन सामान्यतः संपूर्ण विभागाचा असतो. त्यामुळे मानवतावाद्याकडे श्रद्धावान रुग्णही येतात व त्यांपैकी कोणी ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असे म्हणतो. यावर एकच सर्वमान्य उत्तर नाही. काहीजण त्या धर्माच्या सहकाऱ्यास बोलावून घेतात. काहीजण रुग्णाला स्वतः प्रार्थना करू देऊन शांतपणे शेजारी बसतात. प्रार्थनेत काय मागावेसे वाटते, असे विचारून त्याचे बोलणे पुढे नेणारेही आहेत. स्वतः प्रार्थनेचे शब्द उच्चारणे बहुतेकांना अप्रामाणिकपणाचे वाटते. परंतु समोरचा मनुष्य मृत्युशय्येवर असताना स्वतःच्या सचोटीचा असा विचार करणे ही आत्मरती नव्हे काय, असा प्रतिप्रश्नही विचारला गेला आहे आणि तो सहज झटकून टाकता येण्यासारखा नाही. उलट बाजूनेही कसोटी असतेच. परलोकाची आशा नसलेला रुग्ण ‘आता सर्व संपले का?’ असे विचारतो, तेव्हा चॅप्लनजवळ सांत्वनाचे तयार वचन नसते. त्या माणसाचे आयुष्य, त्याची माणसे, त्याने केलेली व राहून गेलेली कामे यांविषयी त्याला बोलू देणे, हेच त्याच्या हाती उरते.

मानसोपचाराहून ही सेवा कशी भिन्न, याचे विवेचन डच अभ्यासकांनी विस्ताराने केले आहे. चॅप्लन रोगनिदान करीत नाही, शोक वा अपराधभावना यांना विकार समजत नाही आणि त्याच्याकडे जाण्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. तुरुंग व सैन्य यांत तर त्याचे महत्त्व या स्वतंत्रतेतच आहे. त्याला सांगितलेली गोष्ट अधिकाऱ्यांपर्यंत जात नाही. वेतन संस्थेचे, पण गोपनीयतेचे बंधन कैद्याशी, ही स्थिती अर्थातच ताणाची असते. शिवाय सैन्यातील मानवतावाद्याला आपण युद्धयंत्रणेला तेल घालीत आहोत काय, हा प्रश्नही टाळता येत नाही; डच मानवतावाद्यांमधील शांततावादी गटाने तो आरंभापासून विचारला आहे.

इतर देश : बेल्जियममध्ये १९९३ मध्ये संविधानात दुरुस्ती होऊन धर्मनिरपेक्ष जीवनदृष्टीच्या आधारे नैतिक साहाय्य देणाऱ्या मान्य संघटनांच्या प्रतिनिधींचे वेतन शासनाने देण्याची तरतूद झाली व २००२ च्या कायद्याने तिची अंमलबजावणी झाली. पाद्री व निधर्मी सल्लागार यांना एकाच खजिन्यातून वेतन देणारी अशी व्यवस्था इतरत्र क्वचितच आढळते. नॉर्वेच्या सैन्यदलातही मानवतावादी सल्लागार नेमण्यात आले, तर कॅनडाच्या सशस्त्र दलात पहिला मानवतावादी चॅप्लन २०२२ मध्ये रुजू झाला.

ब्रिटनमध्ये प्रस्थापित चर्चमुळे वाट अधिक लांबली. १९५२ च्या तुरुंग अधिनियमाने इंग्लंडमधील प्रत्येक तुरुंगाचा चॅप्लन चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री असावा, असे बंधन घातले. राष्ट्रीय आरोग्यसेवेतही चॅप्लनची पदे प्रायः ख्रिस्ती धर्मोपदेशकांकडे राहिली. १८९६ मधील नैतिक संस्थांच्या संघापासून आपली परंपरा सांगणाऱ्या व २०१७ पासून ‘ह्यूमॅनिस्ट्स यूके’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेने स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन रुग्णालये व तुरुंग यांत पाठविण्यास सुरुवात केली. २०१५ च्या आरोग्यसेवा-मार्गदर्शिकेत निधर्मी रुग्णांच्या गरजेची स्पष्ट दखल घेतली गेली. २०१६ मध्ये निधर्मी आधारसेवकाचे पहिले सवेतन पद लेस्टरच्या रुग्णालयांत निर्माण झाले. गूल्डच्या गावाला हा मान मिळावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. २०१८ मध्ये बकिंगहॅमशरमधील आरोग्यसंस्थेत चॅप्लन-विभागाचे प्रमुखपद प्रथमच एका मानवतावादी स्त्रीकडे आले. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील ३७·२ टक्के लोकांनी ‘कोणताही धर्म नाही’ असे नोंदविले.

अमेरिकेत विद्यापीठे पुढे व सैन्य मागे, असे चित्र दिसते. हार्व्हर्ड विद्यापीठातील मानवतावादी चॅप्लनचे कार्य १९७४ मध्ये टॉम फेरिक या पूर्वाश्रमीच्या कॅथलिक धर्मोपदेशकाने सुरू केले. २००५ मध्ये ग्रेग एप्स्टाइन हा त्याचा उत्तराधिकारी झाला. ईश्वर न मानणाऱ्या मानवतावादी ज्यू परंपरेत त्याने रॅबायचे शिक्षण घेतले होते. २०२१ मध्ये हार्व्हर्डमधील विविध धर्मांच्या चॅप्लननी त्याची आपल्या मंडळाच्या अध्यक्षपदी एकमताने निवड केली, तेव्हा या घटनेची जगभर चर्चा झाली. सैन्यदलात मात्र उलट अनुभव आला. २०१३ मध्ये मानवतावादी चॅप्लन नेमण्याचे प्रस्ताव प्रतिनिधिगृहाने फेटाळले. भूसेनेने २०१४ मध्ये सैनिकांना आपली श्रद्धा ‘मानवतावादी’ अशी नोंदविण्याची मुभा दिली. परंतु नौदलाने एका मानवतावादी उमेदवाराचा अर्ज २०१४ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये नामंजूर केला. दुसऱ्या खेपेस नौदलाच्याच सल्लागार मंडळाने अनुकूल मत दिले होते, तथापि काँग्रेसच्या अनेक सदस्यांनी लेखी विरोध केला. चॅप्लनचे पद धर्माचरणाच्या स्वातंत्र्यासाठी आहे व मानवतावाद हा धर्म नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद अमेरिकन मानवतावाद्यांना नेमका अडचणीत पकडतो. संविधानाचे संरक्षण धर्माला असल्यामुळे हक्क मागताना त्यांना आपण धर्मासारखे आहोत, असे म्हणावे लागते. ऑरेगन राज्यातील एका कैद्याने मानवतावादी अभ्यासमंडळ चालविण्याची परवानगी मागितली होती. त्या खटल्यात संघीय न्यायालयाने २०१४ मध्ये मानवतावादास संविधानाच्या संबंधित कलमापुरता धर्म मानले. कैद्यांचा त्यात लाभ झाला. पण धर्म नाकारण्यात आयुष्य घालविलेल्या अनेक सभासदांना हा विजय पचविणे जड गेले. याच वर्गातून चॅप्लनप्रथेवर अधिक मूलगामी आक्षेप घेतला जातो. पाद्र्याची गरज नाही हे सिद्ध करण्याऐवजी मानवतावादी स्वतःच पाद्री होऊ लागले आहेत आणि शासनाने कोणत्याच चॅप्लनला वेतन देऊ नये, हीच सुसंगत भूमिका ठरेल, असे हे टीकाकार म्हणतात. तत्त्व म्हणून ही भूमिका भक्कम आहे. परंतु तुरुंगातील मनुष्याला रोज रात्री कोणाशी बोलता येईल, या प्रश्नाचे उत्तर तीतून मिळत नाही.

भारत : आंतरराष्ट्रीय मानवतावादी चळवळीशी भारताचा संबंध तिच्या स्थापनेपासून आहे. ऑगस्ट १९५२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे ज्यूल्यन हक्सलीच्या अध्यक्षतेखालील परिषदेत आंतरराष्ट्रीय मानवतावादी व नैतिक संघ (२०१९ पासून ‘ह्यूमॅनिस्ट्स इंटरनॅशनल’) स्थापन झाला. व्हान प्राख त्याचा पहिला अध्यक्ष होता. संस्थापक संघटनांत मानवेंद्रनाथ रॉय (१८८७–१९५४) यांची रॅडिकल ह्यूमॅनिस्ट चळवळ होती. त्याच वर्षी जूनमध्ये मसुरी येथे झालेल्या अपघातामुळे रॉय परिषदेस जाऊ शकले नाहीत. त्यांना उपाध्यक्ष निवडण्यात आले. महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) व न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे (१९०९–२००४) हे या विचाराचे प्रमुख पुरस्कर्ते होते. तारकुंडे यांना १९७८ मध्ये संघाचा आंतरराष्ट्रीय मानवतावादी पुरस्कार मिळाला. मात्र या चळवळीचा रोख राजकीय विकेंद्रीकरण, नागरी हक्क व वैचारिक प्रबोधन यांकडे राहिला, रुग्णशय्येकडे वळला नाही. कुटुंब व जातिबिरादरी हे येथील दुःखप्रसंगीचे पहिले आधार असल्याने तशी निकड वाटली नाही, हे त्याचे एक कारण होय. कुटुंबापासून तुटलेल्या निरीश्वरवाद्यास मात्र हा आधार नसतो.

धार्मिक मध्यस्थावाचून संस्कार करण्याची परंपरा महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासूनच निर्माण केली होती, तथापि तिचा निर्मिक ईश्वरच होता आणि तिचे क्षेत्र विवाहादी विधींचे होते. मरणासन्न रुग्णांच्या संघटित सेवेचा आरंभ मुंबईत वांद्रे येथील शांती आवेदना सदनाने १९८६ मध्ये केला. तेथे ही शुश्रूषा ख्रिस्ती जोगिणी करतात व ती सर्व धर्मांच्या रुग्णांना मिळते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यातून पुढे आलेल्या ‘मानसमित्र’ उपक्रमात स्वयंसेवकांना मनोविकारग्रस्तांशी बोलण्याचे व त्यांना योग्य उपचारांपर्यंत नेण्याचे शिक्षण दिले जाते. मानवतावादी चॅप्लनच्या कामाशी त्याचे काही साम्य आहे, परंतु त्याचा रोख मानसिक आरोग्यावर आहे. भारतीय भूसेनेत पलटणींसाठी पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री व बौद्ध भिक्षू यांची धर्मशिक्षक म्हणून भरती होते आणि प्रत्येक पदासाठी त्या त्या धर्माचे शिक्षण आवश्यक असते. धर्म न मानणाऱ्या सैनिकासाठी अशा प्रकारचे पद त्यांत नाही.